भागीचा मोगरा आणि शिंकणारी परी

तळ्याकाठी एक घर होतं. घर कसलं, दोन खोल्या आणि एक पडवी. पण मागच्या परसात इतके रंग होते की सकाळी सूर्यसुद्धा आधी तिकडेच डोकावायचा. फुटक्या माठात लालचुटुक जास्वंद. कान तुटलेल्या मडक्यात केशरी अबोली. तडा गेलेल्या इवल्याशा सुगडात इवलीशी गुलाबी सदाफुली. आणि सगळ्यांत मोठ्या, कडेला भेग पडलेल्या रांजणात हिरवागार, गुबगुबीत मोगरा.

हे घर सोपान कुंभाराचं. भट्टीतून नीट भाजून निघालेलं मडकं बाजारात जायचं आणि तडकलेलं मडकं परसात. तिथे सोपानची धाकटी बहीण हात पसरून उभीच असायची. तिचं नाव भागीरथी. पण नऊ वर्षांच्या, बोटाएवढ्या दोन वेण्यांच्या मुलीला एवढं लांबलचक नाव घेऊन कोण हाक मारणार? सगळे तिला भागी म्हणत.

भागीला आई नव्हती, वडील नव्हते. होते ते सोपानदादा आणि तुळसावहिनी. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा भागी चार वर्षांची होती आणि दाराआड लपून नव्या नवरीकडे बघत होती. नवरीने आपल्या गळ्यातला फुलांचा हार काढला आणि दाराआडच्या त्या गळ्यात घातला. त्या दिवसापासून भागीला वहिनी फार म्हणजे फारच आवडायची.

त्या वर्षी मात्र दिवस वाईट आले. उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यांवर अवेळी पाऊस पडला आणि महिनाभराची मेहनत पुन्हा चिखल होऊन बसली. पुढच्या खेपेला लाकडं ओली निघाली, भट्टी नीट पेटलीच नाही आणि निम्मी मडकी तडकली. परस भरलं, बाजाराची गाडी रिकामी राहिली. घरात आमटी पातळ झाली आणि भाकरी अर्धी झाली.

वहिनीला दिवस गेले होते. म्हणून भागी आपल्या वाटणीची चतकोर भाकरी हळूच वहिनीच्या ताटात सरकवायची. वहिनी पाणी प्यायच्या निमित्ताने ती पुन्हा भागीच्या ताटात टाकायची. त्या चतकोराचा हा प्रवास बघून सोपानदादाला हसावं की रडावं कळायचं नाही.

पण वहिनीच्या मनात भाकरीपेक्षा मोठी काळजी होती. पोटातलं बाळ फार गप्प होतं. कधीतरी एखादी चुळबुळ, की पुन्हा सगळं शांत. राधाआजी सुईण येऊन पोटावर हात ठेवून गेली.

"बाळ सुखरूप आहे गं," आजी म्हणाली. "आळशी आहे, एवढंच. आत्यावर गेलंय!"

भागी लाजून खांबाआड गेली. कारण बाळाची आत्या म्हणजे तीच, आणि तिला रोज सकाळी तीनदा हाका माराव्या लागत हे खरंच होतं.

आजी गेल्यावर वहिनी चिखल मळता मळता हसून म्हणाली, "माझी आई सांगायची, मीसुद्धा अशीच होते. हलायचं नाव नाही! मग सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, तिला मोगऱ्याची वाडी भरली. डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडात बाजूबंद, कमरेला पट्टा. संध्याकाळी कळ्या उमलल्या, घमघमाट सुटला आणि मी आतून अशी काही लाथ मारली की कंबरपट्टाच तुटला!"

भागी खदखदून हसली. वहिनीसुद्धा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आता आई असती तर तिनं माझी वाडी भरली असती," ती म्हणाली. "नसू दे. तू पाणी आण बघू."

भागी पाणी आणायला गेली, पण तिने मनाशी ठरवून टाकलं. वहिनीची वाडी भरायची. मोगऱ्याचीच. आपल्या हातांनी.

अडचण एकच होती. रांजणातल्या मोगऱ्याला पानं होती ढीगभर आणि कळी एकही नव्हती.

आणि भागी त्याच्यासाठी काय करत नव्हती? घरात भाकरी कमी होती, पण तळं शेजारीच होतं. माणसांना पोटभर वाढता येत नाही, निदान झाडांना तरी येतं, या आनंदात ती सकाळी एक कळशी आणि संध्याकाळी एक कळशी मोगऱ्याला पाजायची. कात्रीला तर तिने परसात पाऊलच ठेवू दिलं नव्हतं. झाडाला दुखेल ना!

माघातली सकाळ होती. तळ्यावर पांढरं पांढरं धुकं तरंगत होतं. जास्वंदीच्या टोकावर दवाचा थेंब लुकलुकत होता. भागीने मोगऱ्यावर कळशी रिकामी केली, आणखी थोडं असू दे म्हणून दुसरी आणली, आणि ओतते तोच आवाज आला.

"आ... आ... आक्छी!"

भागीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मांजर नव्हतं. कोंबडी नव्हती.

"बुडवलंस! आज पुन्हा बुडवलंस!"

मोगऱ्याच्या बुंध्याशी, चिखलात कमरेपर्यंत रुतून, करंगळीएवढी एक परी उभी होती. अंगात शुभ्र पाकळ्यांचा झगा, पण त्याला चिखलाची भली मोठी किनार. पाठीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ पंख, पण ओले होऊन पाठीला चिकटलेले. नाकाचा शेंडा लालेलाल.

"अगं बाई!" भागी कळवळली. "तू इथे राहतेस?"

"राहते म्हणजे काय, पोहते!" परी म्हणाली. "रोज सकाळी पूर, रोज संध्याकाळी पूर. मी मोतिया परी. मोगऱ्याच्या कळ्या उघडणं हे माझं काम. पण इथे कळी नाही, नुसती सर्दी आहे. आक्छी!"

भागीने तिला दोन बोटांनी अलगद उचललं. कालच्या भट्टीची राख अजून कोमट होती, तिच्याशेजारी एका पणतीत तिला बसवलं. बाळाच्या दुपट्यासाठी जमवलेल्या कापसातला वाटाण्याएवढा बोळा आणून तिच्याभोवती लपेटला. मग भागी घरात गेली आणि स्वतःच्या न्याहारीचा गुळाचा खडा घेऊन आली. मोतियाने तो दोन्ही हातांत धरून चाटला. ऊन वर आलं, पंख फडफडून सुटे झाले आणि त्यांच्यावर सोनेरी चमचम खेळू लागली.

"चांगली आहेस गं तू," परी म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "पाणी घालायचं तुला कळत नाही, पण माया कळते. माग. तीन इच्छा देते. नियम मात्र नीट ऐक. पहिला, इच्छा झाडाफुलांपुरतीच मागायची. बाळ हलू दे, दादाची भट्टी पेटू दे, हे माझ्या हातात नाही. दुसरा, मागून मिळालेलं फूल सूर्य मावळायच्या आत कुणालातरी द्यायचं. ठेवून घेतलंस तर त्याची माती होते. आणि तिसरा..."

"माझ्या मोगऱ्याला आत्ताच्या आत्ता भरभरून फुलं येऊ देत!" भागी ओरडली. तिसरा नियम ऐकायला तिच्यापाशी वेळ कुठे होता?

मोतियाने कपाळाला हात लावला. मग तोच हात तिने हवेत फिरवला. झुळूक आली, मोगऱ्याच्या पानांतून चांदणं सांडल्यासारखं झालं आणि झाड पांढरंशुभ्र होऊन गेलं. टपोरी, दुहेरी, बोराएवढी फुलं! भागीने परकराचा ओचा भरला आणि ती धावतच घरात गेली.

"वहिनी, वहिनी! डोळे मीट!"

वहिनीने डोळे मिटले. भागीने ओचा तिच्या मांडीवर रिकामा केला. वहिनीने ओंजळ भरली, नाकापाशी नेली, श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिने डोळे उघडले आणि ती गोड हसून म्हणाली, "किती सुंदर आहेत गं."

पण भागीला वहिनीचं हसू पाठ होतं. हे ते नव्हतं. तिने एक फूल नाकाला लावलं. फुलाला वासच नव्हता. थेंबभरही नाही.

तेवढ्यात मागच्या कुंपणापाशी आवाज आला, "देवाला गं, देवाला!"

या धोंडाकाकू. यांचं घर पलीकडच्या कातळावर होतं. तिथे मूठभर मातीसुद्धा नव्हती, त्यामुळे दारात झाड नव्हतं. देवघरात मात्र देवांची दाटी. मग काकू रोज पहाटे एका हातात परडी आणि दुसऱ्या हातात फांदी वाकवायची आकडी घेऊन निघायच्या आणि ज्याच्या दारात फूल दिसेल ते "देवाला गं, देवाला!" म्हणत खुडायच्या. देवाचं नाव घेतल्यावर कोण नाही म्हणणार? भागी तर त्यांना फांदी वाकवूनसुद्धा द्यायची. सूर्य मावळायच्या आत फुलं द्यायची होती, म्हणून तिने उरलेला मोगरा काकूंच्या परडीत ओतला.

परडीतून काही वासच येईना तेव्हा काकूंनी नाक मुरडलं. "अगं, ही कसली फुलं? वास कुठाय? देवाला फसवायचं का?"

काकू गेल्यावर भागी पणतीपाशी येऊन मटकन बसली.

"तिसरा नियम तोच होता," मोतिया हळूच म्हणाली. "फूल मी देऊ शकते. वास देऊ शकत नाही. तो झाड स्वतः मातीतून आणतं, त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन."

भागीने मोगऱ्याची पानं उलटसुलट करून पाहिली. मग तिने दुसरी इच्छा मागितली. या वेळी अगदी हळू, नीट विचार करून.

"मोगऱ्याला काय हवंय, ते मला त्याच्याच तोंडून ऐकू येऊ दे."

"आता बरोबर बोललीस," असं म्हणून मोतियाने भागीच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना पिवळे पिवळे परागकण लावले. लगेच रांजणातून एक मोठी, लांबच लांब जांभई ऐकू आली.

"कोण आहे? भागी का?" मोगरा जडावलेल्या आवाजात म्हणाला. "पाणी आणलं असशील तर परत ने बाई. पोट डब्ब झालंय."

"मोगरोबा, तुला फुलं का येत नाहीत रे? मी काय कमी केलं?"

"कमी? कमीच तर काही केलं नाहीस! सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. मी पितो, पानं वाढवतो, लोळतो आणि झोपतो. भरल्या पोटी कुणाला काम सुचतं का? मला ताण दे, ताण. पंधरा दिवस थेंब घालू नकोस. माझी पानं काढ. फांद्या छाट. मुळांवरची माती उकर, त्यांना ऊन दिसू दे."

भागीने रांजणाला मिठीच मारली. "तुला दुखेल ना!"

"तुझी नखं कापल्यावर दुखतात?"

"नाही. पण वहिनी कापायला लागली की मी रडते."

"का?"

"उगीच."

"मग मीही उगीच रडेन. तू काप." मोगरोबांनी आणखी एक जांभई दिली. "आणि एक सांगतो. लाड करणं सोपं असतं गं भागी. थांबणं अवघड असतं." परागकण झडून गेले आणि झाड पुन्हा मुकं झालं.

भागीने वहिनीची कात्री आणली. पहिली फांदी कापताना तिने डोळे घट्ट मिटले, दुसरीला एकच डोळा मिटला. शेवटी रांजणात उरल्या नुसत्या काटक्या, वीतभर उंच, उघड्या-वाघड्या. छाटलेल्या फांद्या टाकून द्यायला मात्र तिचा जीव होईना. तिने फुटकी सुगडं गोळा केली, त्यांत माती आणि शेणखत भरलं आणि एकेक फांदी खोचली. सात सुगडं झाली. सहा तिने गावात ज्यांच्या दारात मोगरा नव्हता त्यांना दिली आणि सातवं घेऊन ती कातळावर गेली.

"काकू, हे तुम्हाला."

"मला?" धोंडाकाकू हसल्या. "अगं वेडे, कातळावर कधी झाड आलंय का?"

"झाड नाही येत. पण सुगड ठेवता येतं ना. पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं. कोरडी लागली तरच घालायचं."

काकूंचं हसू विरलं. त्यांनी सुगड घेतलं आणि उंबऱ्याशेजारी ठेवलं. घराला एवढी वर्षं झाली होती, पण त्या दारात हिरवं असं काही पहिल्यांदाच आलं होतं.

आता सुरू झाले ते पंधरा दिवस. भागीच्या आयुष्यात एवढे लांब दिवस कधी आले नव्हते. रोज सकाळी हात आपोआप कळशीकडे जायचा, आणि ती तो पाठीमागे बांधून घ्यायची. दहाव्या दिवशी काटक्या तपकिरी पडल्या.

"अगं बाई, मारलास की मोगरा!" काकू कुंपणावरून म्हणाल्या.

सोपानदादासुद्धा मान हलवून गेला. भागी पडवीत वहिनीच्या कुशीत शिरून रडली. वहिनीला परीचं काही ठाऊक नव्हतं, पण ती केसांतून हात फिरवत म्हणाली, "भट्टी लावल्यावर दादा सारखा उघडून बघतो का? नाही ना? बघितलं तर मडकं कच्चं राहतं. तसंच असतं काही काही."

बाराव्या दिवशी मोतिया पणतीतून डोकावून म्हणाली, "एक इच्छा उरली आहे तुझी. म्हणशील तर आत्ता हिरवं करते."

भागीने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं, न जाणो चुकून इच्छा बाहेर पडायची. मोतिया खुदकन हसली आणि पुन्हा कापसात शिरली.

सोळाव्या दिवशी भागीने मुळांवर शेणखत आणि भट्टीची चिमूटभर राख घातली, वरून माती ओढली आणि एक कळशी पाणी घातलं. एकच. मातीने ते घटाघटा पिऊन टाकलं. चार दिवसांनी काटकीच्या कोपऱ्यात काहीतरी लालसर टोचलं. आठ दिवसांनी पोपटी पानं चमकू लागली. फाल्गुन संपता संपता पानापानांच्या बेचक्यात हिरवे हिरवे मणी दिसले, पुढे तेच पांढरे होत गेले. कळ्या! भागी परसभर नाचली. जास्वंदीला सांगितलं, अबोलीला सांगितलं, कोंबडीलासुद्धा सांगितलं.

पाडवा झाला आणि पुढच्या शुक्रवारी डोहाळजेवण ठरलं. भागीने दादाच्या मागे लागूनच ते ठरवून घेतलं होतं. दादाने उधार-उसनवार न करता जमेल तेवढंच म्हणून भात आणि गुळाची खीर करायचं कबूल केलं. भागीच्या मोगऱ्याच्या जोरावर बाकी सगळं होतं.

शुक्रवारी पहाटे भागी कुणीही हाक न मारता उठली. मोगऱ्यावर टपोऱ्या बंद कळ्या ताठ उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत असतानाच कुंपणावरून आकडी आत आली.

"देवाला गं, देवाला!"

भागी मोगऱ्यापुढे येऊन उभी राहिली. तिने आजवर काकूंनाच काय, कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. झाडाला पाणी नाही, फांदीला दया नाही, एवढं सगळं ती शिकली होती. पण माणसाला नाही म्हणायचं? ते तर कात्री चालवण्याहून अवघड होतं.

"काकू," ती चाचरत म्हणाली. "काकू, आज नाही. या कळ्या वहिनीच्या आहेत. आज तिची वाडी भरायची आहे."

आकडी हवेतच थांबली. काकूंनी भागीकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं, आणि त्या वळून चालू लागल्या. त्यांच्या परडीत त्या दिवशी काहीच नव्हतं. भागीला फार वाईट वाटलं.

दुपारी भागीने कळ्या खुडल्या. एक ओंजळ भरली आणि झाड संपलं. दोऱ्यात ओवता ओवता मुकुट झाला, दोन बांगड्या झाल्या. हार झाला नाही. बाजूबंद झाले नाहीत. कंबरपट्ट्याला तर एक कळी उरली नाही. वहिनी आत हिरवं लुगडं नेसून बसली होती, आणि ऊन उतरणीला लागलं होतं.

मोतिया रांजणाच्या काठावर येऊन बसली. "तिसरी इच्छा माग. उरलेली फुलं मी देते. खऱ्यांत मिसळून टाक. बिनवासाची कुठली, ते कुणाला कळणारसुद्धा नाही."

भागीने हातातल्या सुईकडे पाहिलं. मनाला मोह पडला, नाही कसं म्हणू? खूप मोह पडला. पण तिने मान हलवली.

"वहिनीला कळेल. ती बोलणार नाही, पण तिला कळेल. आहे तेवढंच घालते." आणि एवढं म्हणताना तिच्या डोळ्यांतून टप टप पाणी पडू लागलं.

"देवाला गं, देवाला!"

भागीने दचकून वर पाहिलं. कुंपणापाशी धोंडाकाकू उभ्या होत्या. घामाघूम. पदर खांद्यावरून घसरलेला, आकडीचं टोक मोडलेलं. आणि परडी? परडीत शिगोशीग मोगरा भरला होता. वर जुई होती, बाजूला अबोलीच्या ओंजळी होत्या.

"अख्खा गाव पालथा घातला," काकू धापा टाकत म्हणाल्या. "एक दार सोडलं नाही. वरच्या आळीत तर भर दुपारी कुत्रं लागलं मागे!"

"पण काकू, ही तर तुमच्या देवाची..."

"देवाचीच आहेत," काकू म्हणाल्या. "पोटातल्या देवाला गं, पोटातल्या. माझे देवघरातले बसतील आज अक्षतांवर. रोज फुलं मिळतातच की त्यांना." मग त्यांनी कमरेचा पानाचा द्रोण जपून बाहेर काढला. त्यात एकच कळी होती, बारकीशी. "आणि ही माझी. माझ्या दारची, त्या सुगडातली. पहिली. रोज बोट घालून बघत होते मातीत."

जन्मभर दुसऱ्यांची फुलं तोडणाऱ्या काकूंनी आपल्या दारातलं पहिलं फूल देवालासुद्धा वाहिलं नव्हतं. ते त्यांनी भागीच्या हातावर ठेवलं. भागीने त्यांच्या कमरेला मिठी मारली, आणि काकू "पुरे, पुरे, उन्हं चालली" म्हणत तिथेच सुई घेऊन ओवायला बसल्या.

उन्हं कलली तेव्हा तुळसावहिनी पाटावर बसली होती. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, दंडात बाजूबंद, हातात बांगड्या, कमरेला घसघशीत पट्टा. राधाआजीने ओटी भरली. सोपानदादा दारात उभा राहून डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखे ते चोळत होता. काकूंची ती बारकी कळी भागीने वहिनीच्या पोटावर, पट्ट्याच्या अगदी मधोमध टाचली होती.

सूर्य तळ्याला टेकला. आणि मग, एक, दोन, दहा, शंभर, कळ्या उमलू लागल्या. वास पडवीत भरला, घरात भरला, परसात सांडला, तळ्यावरून पलीकडे गेला. वहिनीने डोळे मिटून श्वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे भागीला पाठ होतं.

तोच पट्ट्यावरची बारकी कळी टुणकन उडाली.

सगळे बघत राहिले. कळी पुन्हा उडाली. मग डाव्या बाजूची फुलं हलली, मग उजव्या बाजूची.

"अगं भागी!" वहिनी हसत होती आणि रडत होती. "हात ठेव, लवकर ठेव! अगं, उठलं गं तुझं बाळ!"

भागीने तळहात ठेवला आणि आतून कुणीतरी त्यावर चांगली सणसणीत लाथ मारली.

"म्हटलं नव्हतं?" राधाआजी म्हणाली. "आत्यावर गेलंय. उठायला उशीर, पण उठलं की घर डोक्यावर!"

हसण्याचा एकच गलका झाला. त्या गलक्यात भागी हळूच परसात पळाली. रांजणाच्या काठावर मोतिया उभी होती. तिचे पंख आता पसरलेले होते आणि त्यांत मावळत्या सूर्याचे सगळे रंग होते, केशरी, गुलाबी, सोनेरी.

"माझा मोगरा उमलला, आता मला जायला हवं," ती म्हणाली. "तिसरी इच्छा राहिली आहे, भागी. सूर्य बुडायच्या आत माग."

भागीला भट्टी आठवली, अर्धी भाकरी आठवली. पण नियमही आठवत होते. तिने थोडा विचार केला.

"जो कुणी आपल्या दारात एखादं फुलझाड लावेल, त्याच्या कुंडीत तू एकदा तरी राहायला जा," ती म्हणाली. "मी चुकत होते तेव्हा तू मला सांगितलंस. तसं त्यांनाही सांग."

मोतियाने भागीच्या नाकाच्या शेंड्यावर मोहरीएवढा पापा घेतला. मग ती उजळली, आणखी उजळली, इतकी की सगळं परस पांढरं झालं. भागीने डोळे चोळून पाहिलं तर रांजणाच्या काठावर फक्त मोगऱ्याची एक पाकळी होती, आणि तिच्यावर गुळाचा एक एवढासा कण.

पुढे काय झालं? मडक्यातला मोगरा गावात सगळ्यांनाच हवा झाला. तडकलेली, कान तुटलेली मडकी घ्यायला लोक सोपानदादाच्या दारी येऊ लागले, आणि घरात भाकरी पुन्हा पूर्ण झाली. कातळावर धोंडाकाकूंच्या दारात सुगडांची रांग लागली. आता शेजारणी परडी घेऊन तिकडे जातात, आणि काकू त्यांना फांदी वाकवून देतात. बाळ झालं, मुलगी झाली, आणि तिच्या बारशाला नाव निवडायचा मान आत्याचा होता. आत्याने काय निवडलं असेल? मोतिया!

तेव्हा मुलांनो, तुमच्या गॅलरीत, खिडकीत, दारात एखादी कुंडी असेल, तर पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघत जा. आणि पाणी घातल्यावर पानांतून बारीकशी शिंक ऐकू आली, तर कळशी खाली ठेवा आणि आधी गुळाचा खडा घेऊन या.